मदत हवी आहे: यूट्यूबवरचे तास वाढण्याऐवजी रोज घटत आहेत

डाळिंबबाग: डाळिंब लागवडीवर आमचा मराठी चॅनल आहे. सबस्क्रायबर १,८०० झाले आहेत आणि ॲनालिटिक्समध्ये वर्षभराचा वॉच टाइम (प्रेक्षकांनी व्हिडिओ पाहिलेला एकूण वेळ) ४,३०० तास दिसतो, पण चॅनलवर कमाई सुरू करण्याच्या अर्जाच्या पानावर केवळ ३,०४० तास धरले आहेत आणि तेही रोज आठ-दहांनी कमी होत आहेत. दिवसभर बागेत राबून आम्ही दोघे भाऊ रात्री एडिटिंग करतो. कृपया लवकर उपाय सांगावा.

घाटवाट: यांत शॉर्ट्सचे तास किती आहेत? शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ जाहिरातींच्या कमाईसाठी लागणाऱ्या ४,००० तासांच्या अटीत धरत नाहीत. शॉर्ट्ससाठी ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज ही वेगळी अट आहे.

डाळिंबबाग: सुमारे ७०० तास शॉर्ट्सचे आहेत. तरीही उरलेल्या ५६० तासांचा हिशोब लागत नाही.

नवी_पहाट: शॉर्ट्स आजच बंद करा. मी ते थांबवून वीस-वीस मिनिटांचे व्हिडिओ केले, तेव्हाच माझे तास भरले.

घाटवाट: या सल्ल्याशी मी सहमत नाही. माझ्या चॅनलकडे नवा प्रेक्षक शॉर्ट्समधूनच आला; तास मिळाले नाहीत तरी ओळख मिळाली.

हिशोबनीस: कमाई सुरू होण्यापूर्वीच ॲडसेन्समध्ये (यूट्यूबची कमाई ज्यातून मिळते ते गूगलचे खाते) पत्ता अचूक लिहावा, कारण १० डॉलर जमल्यावर पडताळणीचा पिन टपालाने येतो आणि १०० डॉलर झाल्याखेरीज पैसे बँकेत जमा होत नाहीत. अमेरिकी कराचा अर्जही भरून ठेवावा.

मावळतीर: ते पुढचे झाले. धागाकर्त्यांनी आधी दोन गोष्टी सांगाव्यात: अलीकडे कोणते व्हिडिओ काढून टाकले किंवा प्रायव्हेट केले का, आणि गेल्या वर्षी याच दिवसांत कोणता व्हिडिओ जास्त चालला होता?

डाळिंबबाग: वाऱ्याच्या आवाजामुळे संवाद ऐकू येत नव्हते, म्हणून गेल्या महिन्यात ११ जुने व्हिडिओ प्रायव्हेट केले. त्याचा येथे संबंध असेल असे वाटले नव्हते. गेल्या वर्षी मृग बहाराच्या पावसात तेल्या रोगावरचा व्हिडिओ पुष्कळ पाहिला गेला होता.

मावळतीर: मग हिशोब लागला. पब्लिक नसलेल्या व्हिडिओंचे तास अटीत धरत नाहीत, मात्र ॲनालिटिक्समध्ये ते दिसत राहतात. घट होते ती यामुळे, की मोजणी नेहमी मागच्या १२ महिन्यांची असते; गेल्या पावसाळ्यातला तेल्याच्या व्हिडिओचा एकेक दिवस आता त्या मुदतीबाहेर जातो आहे आणि तेवढे तास नव्याने जमत नाहीत. ते ११ व्हिडिओ पुन्हा पब्लिक करा. माझे तास असे केल्यावर काही दिवसांत परत धरले गेले होते. आवाज खराब असला, तरी शेतकऱ्याला फांदीवरचा डाग दिसतो, आणि तो डाग ओळखण्यासाठीच तो व्हिडिओ उघडतो.

शिवाय ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ पब्लिक व्हिडिओ आणि ३,००० तास एवढ्यावर पहिल्या टप्प्याचा अर्ज करता येतो. त्यात जाहिरातींचा वाटा मिळत नाही, पण मेंबरशिप (प्रेक्षकांची मासिक वर्गणी) आणि सुपर थँक्स (व्हिडिओ आवडल्यास प्रेक्षकाने दिलेले पैसे) सुरू करता येतात. रोज दहा तास घटत असतील, तर तुमच्या हाती चारच दिवस आहेत.

डाळिंबबाग: या ९० दिवसांत आमचे दोनच व्हिडिओ झाले आहेत. ११ व्हिडिओ आत्ताच पब्लिक केले. तेल्या लागलेली फळे तोडून बागेबाहेर नष्ट करण्याचे चित्रीकरण तयार आहे. ते आज रात्रीच टाकतो आणि अर्ज भरून येथे कळवतो.