नाताळात घरच्यांसोबत बेघर लोकांसाठी काही करायचंय (सांगली-मिरज), सल्ला द्या

विश्रामबागकर
नमस्कार. आम्ही मूळचे मिरजेचे, आता विश्रामबागेत राहतो. दर नाताळला सकाळी उपासना, घरी करंज्या-चकल्या-केक, संध्याकाळी पाहुणे, की झाला सण. यंदा थोरली (१३) म्हणाली, मिरज स्टेशनबाहेर झोपतात त्यांच्याकडे जाऊया का? धाकटा ८ वर्षांचा. सासूबाई तयार आहेत, त्यांचे गुडघे नाहीत. बजेट चार-पाच हजार. २५ ला रात्री ब्लँकेटं आणि केक वाटावा असं डोक्यात आहे. परवानगी लागते का? मुलांना न्यावं का?

भडंगप्रेमी
केकऐवजी भडंग न्या, सांगलीची शान 😀
गंमत केली हो. म्हाताऱ्यांना चावता येणार नाही.

रात्रपाळी
ताई, मी स्टेशनबाहेर रिक्षा लावतो, रात्रीचाच असतो. ब्लँकेटं नका आणू. नाताळ ते एक जानेवारी वाटणारे लई येतात. गेल्या वर्षी एका बाबाला एका रात्रीत तीन मिळाली. दिवसा ठेवणार कुठं? टपरीवाला ठेवू देत न्हाई, बोचकं सोडून चहाला गेलं की सकाळी झाडणारे उचलून नेतात. फेब्रुवारीत बघितलं तर तोच बाबा पोत्यावर.
त्याला मी इचारलं, काय पायजे? म्हणाला, "नखं कापायला काय हाय का?" पायाची नखं वाढून आत वळलेली, चप्पल घालता येत नव्हती. माझ्याकडं नेलकटर नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरनं आणलं, तर हे कडक नख, कापेना. गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला तेव्हा जमलं.
आणि फलाटावर वाटायला जाऊ नका, आत स्टेशन मास्तरला इचारल्याशिवाय चालत न्हाई.

निवृत्त_सिस्टर
रात्रपाळी, तुम्ही निम्मं नर्सिंग केलंत की! फक्त साखर असलेल्या माणसाची नखं घरच्यांनी कापू नयेत. जरा लागलं तरी जखम चिघळते. पाय बधिर असेल किंवा जखम दिसली तर दवाखान्यातच न्या. मिरजेला १८९४ मध्येच मिशन हॉस्पिटल सुरू झालं, सरकारीही आहे. दवाखान्यांच्या गावात रस्त्यावरच्या माणसाचा पाय सडावा हे मला आजही पटत नाही.
केक नकोच. मऊ खिचडी, पातळ कढी, तीही गरम असतानाच. सकाळी केलेला भात रात्री वाटू नका. आपल्या मनाने गोळ्या देऊ नका. कुणी निपचित दिसलं तर १०८. एकटं मूल दिसलं तर १०९८. म्हातारं माणूस चुकलेलं वाटलं तर १४५६७. मानसिक आजाराने भटकणारं कुणी असेल तर पोलिसांना कळवा, २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला संरक्षण देणं त्यांचं काम आहे.

सडेतोड
असं खायला घालूनच लोक आळशी होतात.

रात्रपाळी
साहेब, एक रात्र या माझ्यासंगं. चहा माझा.

कृष्णाकाठ
रस्त्यापेक्षा महापालिकेच्या बेघर निवारा केंद्रात जा. लाख लोकसंख्येमागे एक, बाराही महिने चोवीस तास चालणारा निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. आधी फोन करून काय कमी आहे ते विचारा. आम्हाला "अंतर्वस्त्रं आणि खोबरेल" असं उत्तर आलं होतं. हे कोण दान करतो?
२५ तारखेचा हट्ट सोडा. त्या आठवड्यात जेवण देणारे रांगेत असतात, १० जानेवारीला कुणी नसतं. आणि वाढून निघून येऊ नका, पंगतीत बसा. आमचा पोरगा पहिल्या वर्षी दाराशीच उभा होता. एका आजोबांनी ताटातला पापड मोडून अर्धा त्याच्या हातावर ठेवला, मग तो बसला. फोटो अजिबात नको.
एक स्पष्ट बोलू का? राग मानू नका. बायबलच्या वचनाची कार्डं, पत्रकं सोबत नेऊ नका. सध्या लोक काय अर्थ काढतील सांगता येत नाही, त्रास निवारा चालवणाऱ्यांना होतो.

विश्रामबागकर
राग कसला. कार्डं न्यायची नव्हतीच, पण तुम्ही बोललात ते बरं. निवाऱ्यात फोन केला. २५ आणि ३१ दोन्ही दिवस भरलेत! ४ जानेवारीचं रात्रीचं जेवण मिळालं. त्यांनी मागितलंय: मोजे, खोबरेल, आणि दाढी-कटिंगला कुणी येईल का. आमच्या गल्लीतला न्हावी येतो म्हणालाय, पैसे नको म्हणतोय, बघू. सासूबाई खुर्चीत बसून करंज्या वाटणार. केक रद्द, करंज्यांवर त्या अडून आहेत.
सिस्टर, करंजी साखरवाल्यांना अर्धी तरी चालेल का? आणि कडक नखांसाठी कोणतं नेलकटर घेऊ?

निवृत्त_सिस्टर
आधी विचारा कुणाला साखर आहे, त्यांना करंजी नको, चकली द्या. मेडिकलमध्ये पायाच्या नखांचं मोठं, जाड पात्याचं कटर मागा. दोन घ्या. मी येते ४ तारखेला, कापायचं माझ्याकडे.

रात्रपाळी
येक कटर जास्तीचं घ्या ताई, माझ्या रिक्षात ठेवतो.