स्तोला म्हणजे स्टोल नव्हे

कशिदा:
रोमन स्त्रियांच्या पोशाखातले स्तोला आणि पल्ला (वरून पांघरायचं कापड) हे शब्द मराठीत कसे आणावेत? साडी आणि पदर चालतील का?

उभाधागा:
साडी नको. साडी न शिवलेली, कमरेला खोचायची. स्तोला बिनबाह्यांची आणि पायघोळ, दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांनी पेललेली. आत ट्यूनिक (सदऱ्यासारखं वस्त्र), वर स्तोला, छातीखाली पट्टा. क्रियापदांतही गफलत होते : स्तोला 'घालतात', पल्ला 'पांघरतात', 'नेसत' दोन्ही नाहीत. नुसतं 'झगा' लिहिलं तर दर्जा हरवतो, कारण स्तोला हा विवाहित नागरिक स्त्रीचा मान होता. शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे 'विवाहितेचा पायघोळ झगा' अशी फोड करावी.

जुनापेटारा:
आणि दुकानातल्या स्टोलपासून सावध! ग्रीकमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ साजसरंजाम, पोशाख. लॅटिनमध्ये त्याची स्तोला झाली, पुढे चर्चमध्ये धर्मगुरूच्या गळ्यातली पट्टी, मग इंग्रजीतून आपल्याकडे खांद्यावरचं कापड. म्हणजे आजचा स्टोल काम करतो ते पल्लाचं.

कशिदा:
मग पल्ला आणि पल्लू एकच का?

जुनापेटारा:
नाही, नुसतं ध्वनिसाम्य. पल्लूचं नातं संस्कृत पल्लवाशी, पल्ला लॅटिन. शिवाय मराठी वाचकाला 'पल्ला' म्हटलं की लांबचा पल्लाच आठवणार. पदरही नको, कारण पदर नेसलेल्या वस्त्राचंच टोक असतो आणि पल्ला वेगळं आयताकृती कापड. शेला जरा जास्तच सणासुदीचा वाटतो. 'लोकरीची मोठी शाल' सरळ आणि बरोबर.

उभाधागा:
पांघरायची एक रीत : एक टोक डाव्या खांद्यावरून पुढे सोडायचं, बाकीचं कापड पाठीवरून उजव्या काखेखालून (किंवा उजव्या खांद्यावरून) पुढे आणून डाव्या हातावर टाकायचं. डोकं झाकायचं तर पाठीवरचा भाग वर ओढायचा. कमरेला खोच नाही, म्हणून डावा हात कोपरात वाकलेला ठेवावा लागतो. लोकर अंगाला धरून राहते. नाटकासाठी जॉर्जेट घेतलंत तर पहिल्याच प्रवेशात घसरेल.

धोटा:
टोग्याचं, म्हणजे रोमन पुरुष नागरिकाच्या अंगाभोवती गुंडाळायच्या वस्त्राचं, काय? तो स्त्रीच्या अंगावर दिसला तर भाषांतरकाराने थांबावं. लहान मुली काठाचा टोगा घालत, पण प्रौढ स्त्रीसंदर्भात लॅटिन लेखक टोगा म्हणतात तेव्हा रोख बहुधा वेश्येकडे असतो. रोमन वक्ता सिसेरो आपला राजकीय विरोधक अँटनी याला टोमणा मारतो की पुरुषाचा टोगा अंगावर घेतलास आणि लगेच त्याचा बायकी टोगा केलास. 'बायकी' म्हणजे नाजूक असं समजलात तर शिवीच निसटते.

कशिदा:
शेवटचं : स्तोलाच्या संदर्भात येणारा इन्स्तिता हा शब्द म्हणजे झालर की बंद?

उभाधागा:
रोमन कवी होरेस म्हणतो, वस्त्राच्या खाली शिवलेली, घोटे झाकणारी. म्हणून तिथे झालर. पुतळ्यांवर मात्र खांद्याच्या पट्ट्याच ठळक दिसतात, त्यामुळे काही अभ्यासक इन्स्तिताचा अर्थही पट्ट्या असाच घेतात. होरेसच्या ओळीत झालर लिहा, पुतळ्याच्या चित्राखाली पट्ट्या.