लिनक्स कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधल्या छोट्या दुरुस्त्या: किती पॅच, कोणाकडे आणि कसे पाठवायचे?

प्रश्न

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) सोर्समध्ये तीन चुका दिसल्या आहेत.

१. डॉक्युमेंटेशन फोल्डरमधल्या एका आरएसटी (साध्या मजकुरातल्या मार्कअपच्या) फाईलमध्ये 'द' हा शब्द लागोपाठ दोनदा आला आहे.
२. तिथल्याच दुसऱ्या फाईलमध्ये स्ट्रिंग कॉपी करायला स्ट्रएलसीपीवाय() वापरा असा सल्ला आहे. हे फंक्शन कर्नलमध्ये आता सापडत नाही.
३. एका ड्रायव्हरच्या सी फाईलमध्ये, फंक्शनच्या डोक्यावरच्या कॉमेंटमध्ये पॅरामीटरचं नाव चुकलं आहे.

तिन्ही दुरुस्त्या एकाच पॅचमध्ये (बदल नोंदवणाऱ्या फाईलमध्ये) चालतील का? गिटहबवर पुल रिक्वेस्ट टाकली तर चालते का? नुसत्या शब्दाच्या चुकीसाठीही डॉक्युमेंटेशन बिल्ड करावं (म्हणजे त्याची वाचायची पानं तयार करावी) लागतं का? शिवाय पहिला पॅच जीमेलच्या वेबपेजवरून स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून पाहिला, तर 'गिट एएम' (ईमेलमधला पॅच लावणारी आज्ञा) तो 'करप्ट पॅच' म्हणून नाकारतं.

उत्तर १

तीन चुकांचे तीन पॅच करा, आणि तेही सुटे. एका मालिकेत बांधू नका, कारण त्यांचे रस्ते वेगळे आहेत. पहिले दोन डॉक्युमेंटेशनच्या ट्रीमधून (त्या विभागाच्या गिट साठ्यातून) जातील. तिसऱ्यात चूक कॉमेंटमधली असली तरी फाईल ड्रायव्हरची आहे, म्हणून तो त्या सबसिस्टमच्या (विभागाच्या) मेंटेनरकडे, म्हणजे देखभाल करणाऱ्याकडे जाईल. मालिका केली की कोणी कोणता पॅच घ्यायचा यावर विनाकारण पत्रव्यवहार होतो. एकाच फाईलमध्ये चार स्पेलिंग चुकली असतील तर मात्र चारींचा एकच पॅच करा.

गिटहबवरचा साठा ही नुसती प्रत आहे, तिथली पुल रिक्वेस्ट घेतली जात नाही. सगळं ईमेलने चालतं.

सुरुवात करण्याआधी चूक अजून शिल्लक आहे का ते बघा. दोनदा आलेला 'द' शोधायला एक ग्रेप (मजकूर शोधणारी आज्ञा) पुरतो, त्यामुळे अशा चुकांवर एकाच आठवड्यात दोघातिघांचे पॅच येतात. लोर.कर्नल.ऑर्ग वर (मेलिंग लिस्टच्या संग्रहात) शोधताना 'डीएफएन:' लिहून पुढे फाईलचं नाव टाका, म्हणजे त्या फाईलला हात लावणारे सगळे पॅच दिसतील. लिनक्स-नेक्स्टमध्येही (पुढच्या आवृत्तीचे बदल एकत्र होतात त्या ट्रीमध्ये) ती ओळ तपासा.

काम कोणत्या शाखेवर करायचं ते मेंटेनर्स फाईलमध्ये लिहिलेलं असतं. तिथल्या डॉक्युमेंटेशनच्या नोंदीत 'टी:' ने सुरू होणारी ओळ बघा, डॉक्स-नेक्स्ट ही शाखा तिथे मिळेल. क्लोन करताना '--डेप्थ=१' टाळा, कारण ओळ कधी आणि का आली हे बघायला इतिहास लागतो. जागा किंवा डेटा वाचवायचा असेल तर '--फिल्टर=ब्लॉब:नन' द्या. कमिटची पूर्ण साखळी उतरते आणि फाईलींचा मजकूर लागेल तसा येतो.

कमिटचा विषय 'डॉक्स:' ने सुरू करा, पुढे फोल्डरचं किंवा विषयाचं नाव आणि मग केलेलं काम. नेमका प्रघात त्या फाईलवर 'गिट लॉग --वनलाइन' चालवलं की दिसतो, तोच पाळा. विषय ७० ते ७५ अक्षरांत बसवा आणि खालचा मजकूर ७५ अक्षरांवर मोडा. क्रियापद आज्ञार्थी ठेवा: 'रिमूव्ह डुप्लिकेट वर्ड', 'रिमूव्ह्ड' नको. खाली एक वाक्य पुरे, पण ते हवंच. मजकूर रिकामा असलेला पॅच परत येतो.

'गिट कमिट -एस' (लहान एस) ने साइन्ड-ऑफ-बाय ओळ आपोआप लागते. ती नुसती सही नाही. हा बदल या परवान्याखाली देण्याचा अधिकार मला आहे, असं तुम्ही तिच्यातून जाहीर करता. निनावी योगदान घेतलं जात नाही. त्या ओळीतला पत्ता आणि 'फ्रॉम' मधला पत्ता सारखा ठेवा, नाहीतर चेकपॅच (पॅच तपासणारी स्क्रिप्ट) टोकतं.

'फिक्सेस:' हा टॅग स्पेलिंगच्या पॅचला लावू नका. तो पाहून स्टेबल शाखांसाठी (आधीच प्रकाशित आवृत्त्यांच्या दुरुस्तीसाठी) पॅच उचलले जातात, आणि स्टेबलच्या नियमांत स्पेलिंगच्या किंवा मोकळ्या जागांच्या दुरुस्त्या बसत नाहीत.

पॅच तयार झाला की त्यावर स्क्रिप्ट्स फोल्डरमधली चेकपॅच.पीएल '--स्ट्रिक्ट' लावून चालवा, मग पॅच कोणाला पाठवायचा ते सांगणारी गेट_मेंटेनर.पीएल. मेंटेनर 'टू' मध्ये आणि मेलिंग लिस्ट 'सीसी' मध्ये. या स्क्रिप्टला '--नोगिट-फॉलबॅक' द्या. नाहीतर मेंटेनर सापडला नाही की ती गिटच्या इतिहासातून माणसं काढते, आणि ज्यांनी पूर्वी कधीतरी एखादी ओळ बदलली त्यांनाही तुमचं पत्र जातं.

उत्तर २

दुसरी चूक तिघींत सगळ्यात मोलाची आहे, म्हणून तिच्याबद्दल वेगळं लिहितो. 'द' दोनदा आला तरी वाचणारा अडत नाही. पण काढून टाकलेलं फंक्शन वापरा असं सांगणारी फाईल वाचून लिहिलेला कोड कंपाइलच होणार नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये अशा दुरुस्त्या जास्त हव्या आहेत.

पण इथे नुसतं नाव बदलून भागत नाही. स्ट्रएलसीपीवाय() ६.८ या आवृत्तीत काढलं गेलं आणि त्याची जागा स्ट्रएससीपीवाय() ने घेतली. दोघांची परत येणारी किंमत वेगळी आहे. जुनं फंक्शन मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी परत करायचं, आणि त्यासाठी मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचायचं. मूळ स्ट्रिंगला शेवटचा शून्य नसेल तर वाचन हद्दीबाहेर जायचं. नवं फंक्शन किती अक्षरं कॉपी झाली ते सांगतं, आणि जागा अपुरी पडली तर ऋण किंमत, म्हणजे -ई२बिग. तेव्हा तुमच्या फाईलमध्ये त्या नावापुढे 'परत आलेली लांबी बफरच्या आकाराशी ताडून पाहा' अशा अर्थाचं वाक्य असेल, तर नाव बदलल्यावर ते वाक्य खोटं होईल. आधीची माहिती जुनी होती, आता चुकीची होईल, आणि हे वाईट. पूर्ण परिच्छेद वाचा आणि तपासणी 'ऋण आहे का' अशी करून लिहा.

फंक्शन कधी गेलं हे कमिट मजकुरात नमूद करा. शोधायला 'गिट लॉग -एस' (इथे कॅपिटल एस) आणि पुढे नाव. वर सांगितलेला फिल्टर लावून क्लोन केला असेल तर शेवटी फाईलचा रस्ता जरूर द्या, इथे लिब/स्ट्रिंग.सी आणि इन्क्लूड/लिनक्स/स्ट्रिंग.एच. रस्ता दिला नाही तर गिट सगळ्या इतिहासातला मजकूर उतरवायला लागतं आणि तासन्‌तास संपत नाही. कमिटचा उल्लेख करताना हॅशची पहिली १२ अक्षरं आणि पुढे कंसात, अवतरणचिन्हांत त्याचा विषय, असा साचा आहे.

नव्या मजकुरात फंक्शनचं नाव साधं, पुढे रिकामा कंस जोडून लिहा. त्याची नोंद डॉक्युमेंटेशनमध्ये असेल तर दुवा आपोआप तयार होतो. फाईलचा रस्ताही पूर्ण लिहिला की दुवा बनतो. त्यासाठी वेगळं मार्कअप घालू नका, साध्या एडिटरमध्ये वाचणाऱ्याला ते खुपतं.

उत्तर ३

'करप्ट पॅच' चं कारण जीमेलचं वेबपेज आहे. ते टॅबच्या जागी स्पेस घालतं आणि लांब ओळी मध्येच मोडतं. पॅचमध्ये न बदललेल्या ओळीही मूळ फाईलशी अक्षरशः जुळाव्या लागतात, म्हणून एका टॅबने सगळं फसतं. मजकूर एचटीएमएल स्वरूपात गेला तर मेलिंग लिस्ट तो परस्पर नाकारते. फाईल जोडून पाठवणं हा उपाय नाही, कारण जोडलेल्या फाईलमधली एखादी ओळ उद्धृत करून तिच्याखाली अभिप्राय लिहिता येत नाही.

'गिट सेंड-ईमेल' वापरा. जीमेलचंच खातं चालतं: सर्व्हर एसएमटीपी.जीमेल.कॉम, पोर्ट ५८७, एन्क्रिप्शन टीएलएस. नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढा. 'गिट फॉरमॅट-पॅच -१' ने फाईल बनवा, आधी स्वतःलाच पाठवा, आलेल्या पत्राचा मूळ मजकूर उतरवून नव्या शाखेवर 'गिट एएम' चालवा. तिथे बिनतक्रार बसला तर लिस्टवरही बसेल.

सुधारणा सुचवली गेली तर त्याच कमिटमध्ये बदल करा आणि '-व्ही२' लावून नवा पॅच काढा. पहिल्या पॅचवर दुसरा पॅच चढवू नका. काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा, तेवढा भाग कमिटमध्ये जात नाही. पहिल्या आवृत्तीचा लोरवरचा दुवाही तिथेच द्या. कोणी रिव्ह्यूड-बाय (पॅच तपासून पसंत केल्याची ओळ) दिलं असेल तर ते साइन्ड-ऑफ-बाय च्या वर, रेघांच्या आधी, स्वतः उचलून ठेवा. विसरलात तर त्यांची मेहनत वाया जाते. उत्तर लिहिताना पूर्ण पत्राच्या डोक्यावर लिहू नका, ज्या ओळीबद्दल बोलायचं तिच्याखाली लिहा.

प्रश्नकर्ता

धन्यवाद, ईमेलचं जमलं. 'मेक एचटीएमएलडॉक्स' चालवलं, पण खूप वेळ लागतो आणि इशारे इतके येतात की आपला कोणता ते कळत नाही. दुसऱ्यांदा चालवलं तर इशारे जवळजवळ नाहीसेच झाले! हे कसं?

उत्तर १

स्फिंक्स (डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं साधन) फक्त बदललेल्या फाईली पुन्हा वाचतं. न वाचलेल्या फाईलीचा इशारा छापला जात नाही, म्हणून दुसऱ्या वेळची शांतता खरी मानू नका. 'मेक क्लीनडॉक्स' करून पुन्हा बिल्ड करा.

वेळ वाचवायला स्फिंक्सडिर्स हे व्हेरिएबल आहे, सगळी अक्षरं कॅपिटल. त्यात तुमचं फोल्डर दिलं की तेवढंच बिल्ड होतं. बाहेरच्या फोल्डरकडे जाणाऱ्या दुव्यांबद्दल काही इशारे येतील. त्यातून आपले वेगळे काढायला एकदा पॅचशिवाय आणि एकदा पॅचसह बिल्ड करून, दोन्ही वेळचं आउटपुट फाईलमध्ये साठवून डिफ काढा. नवी ओळ एकही नको. मग डॉक्युमेंटेशन/आउटपुट मध्ये तयार झालेलं पान ब्राउझरमध्ये डोळ्यांनी पाहा.

आणि हो, एका अक्षराच्या दुरुस्तीलाही बिल्ड लागतं. शीर्षकात एक अक्षर वाढलं तर खालची रेघ तोकडी पडते आणि 'टायटल अंडरलाइन टू शॉर्ट' येतं. चौकटीच्या तक्त्यात शब्द लांबला तर उभी रेघ सरकते आणि 'मालफॉर्म्ड टेबल' म्हणून पूर्ण तक्ता पानावरून गायब होतो. फाईल हलवली किंवा तिचं नाव बदललं असेल तर 'मेक रेफचेकडॉक्स' ने तुटलेले उल्लेख सापडतात.

तिसऱ्या चुकीला हे बिल्ड नको. कर्नल-डॉक स्क्रिप्ट '-नन' देऊन त्या सी फाईलवर चालवा. पॅरामीटरचं नाव चुकलं असेल तर दोन इशारे जोडीने येतात: एक पॅरामीटर वर्णनाविना आहे, आणि एक वर्णन जास्तीचं आहे. दोन्ही गेले की काम झालं. मात्र कॉमेंटची सुरुवात दोन ताऱ्यांनी आहे ना ते बघा. एकच तारा असेल तर ती साधी कॉमेंट आहे आणि स्क्रिप्ट तिच्याकडे पाहतच नाही.

उत्तर २

स्पेलचेकर फाईलींवर सरसकट फिरवण्याच्या मोहात पडू नका. 'क्रिएट' नावाच्या सिस्टम कॉलच्या शेवटी 'ई' नाही, ओ_क्रिएट मध्येही नाही, आणि ते तसंच बरोबर आहे. 'युमाउंट' मध्ये 'एन' नाही. 'दॅट दॅट' आणि 'हॅड हॅड' पुष्कळदा व्याकरणशुद्ध असतात. ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंग दोन्ही चालतात, एकातून दुसऱ्यात बदल करणारा पॅच घेतला जात नाही. सिसएफएसच्या (कर्नलची माहिती फाईलींच्या रूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेच्या) एखाद्या फाईलच्या नावातच स्पेलिंग चुकलेलं असेल तर ते आता एबीआय, म्हणजे प्रोग्रामांशी ठरलेला करार आहे. लोकांचे प्रोग्राम तेच नाव उघडतात, त्यामुळे डॉक्युमेंटेशनमध्येही ते चुकलेलंच राहायला हवं.

डिव्हाइसट्री/बाइंडिंग्ज हे (हार्डवेअरच्या वर्णनाच्या नियमांचं) फोल्डर डॉक्युमेंटेशनमध्ये दिसत असलं तरी त्याचे मेंटेनर वेगळे, विषयाची सुरुवात 'डीटी-बाइंडिंग्ज:' अशी, आणि वायएएमएल फाईली 'मेक डीटी_बाइंडिंग_चेक' ने तपासायच्या. ट्रान्सलेशन्स फोल्डरमधली भाषांतरं तुम्ही बदलायची नाहीत, मूळ इंग्रजी सुधारलं की ती माणसं आपापलं बघतात.

पाठवल्यावर निदान एक आठवडा थांबा, त्याआधी आठवण करू नका. मर्ज विंडोचे (मुख्य ट्रीमध्ये नवे बदल घेण्याचे) दोन आठवडे चालू असतील तर आणखी थांबा, तेव्हा मेंटेनर आधीच घेतलेले बदल वर पाठवण्यात गुंतलेले असतात. डॉक्स-नेक्स्टमध्ये गेलेला पॅच पुढच्या मर्ज विंडोत मुख्य ट्रीमध्ये जातो. एक आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांची असते, म्हणून स्वीकार झाल्यापासून प्रकाशित आवृत्तीत दिसेपर्यंत तीन-चार महिनेही लागू शकतात. तोवर तो लिनक्स-नेक्स्टमध्ये दिसत असला की चिंता नाही.