रिमोट आपल्या हातात आहे म्हणे!

मधलीसुट्टी
काल इथेच, या मंचावर, एकाने लिहिलं, "कंपन्या मोठ्या झाल्या म्हणून गळे काढू नका. रिमोट तुमच्या हातात आहे, नाही आवडलं तर बदला." खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, आटपेना, म्हणून हा वेगळा धागा.

बदलून जायचं कुठे? नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचा इथला माध्यमधंदा एक झाला. सत्तर हजार कोटींच्या वरचा व्यवहार, शंभराहून जास्त वाहिन्या. स्टार प्रवाहला कंटाळून कलर्स मराठी लावलंत तर गल्ला एकाच दुकानाचा भरतो.

क्रिकेट घ्या. आयपीएलच्या २०२३ ते २७ च्या लिलावात टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारने २३,५७५ कोटींना घेतले, डिजिटलचे जवळपास तेवढ्यालाच रिलायन्सच्या व्हायकॉम१८ ने. दोघांची जुंपली होती तोवर मोबाइलवर सामने फुकट दिसले. दोन घरं एक झाली आणि २०२५ पासून वर्गणी आली. योगायोग असेल हो.

थिएटरांचंही तेच. २०२३ मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्स एक झाले, दीड हजाराच्या वर पडदे. कोव्हिडमध्ये उलाढाल इतकी घसरली होती की मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाची पूर्वपरवानगीसुद्धा लागली नाही.

मालिका भिकार असतात ही माझी तक्रार नाही, त्या आधीही होत्या. पण बनवणार तोच, दाखवणार तोच, आणि अ‍ॅपवर किती जणांनी पाहिलं हे सांगणारही तोच. मग रिमोट घेऊन काय, पाठ खाजवू?

तांबडापांढरा
ते लिहिणारा मीच, 'एकाने' नव्हे. रिलायन्स-डिस्नेला आयोगाने काही वाहिन्या सोडायला लावून मगच परवानगी दिली, हे सोयीने गाळलंत. आणि 'सैराट'च्या मागे कोण होतं? झी स्टुडिओज. 'बाईपण भारी देवा'? जिओ स्टुडिओज. एखादा एकटा निर्माता घर गहाण टाकून गावोगाव पोचला असता का? आमच्या कोल्हापुरात प्रभातचं नाव काढलं की लोकांचे डोळे भरून येतात. प्रभात काय होती? स्टुडिओ स्वतःचा, नट पगारावर, पुण्यात थिएटर. 'प्रभात फिल्म कंपनी', नावातच 'कंपनी' आहे साहेब.

मधलीसुट्टी
होती ना. पण तेव्हा शेजारी हंस पिक्चर्स होती, मुंबईत बॉम्बे टॉकीज होती, कलकत्त्याला न्यू थिएटर्स. एकाकडे बिनसलं की माणूस दुसरीकडे जायचा. आज बिनसलं की यूट्यूबवर जातो, आणि तेही गूगलचंच.

एडिसनकर
अमेरिकेत १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पॅरामाउंटच्या खटल्यात स्टुडिओंना थिएटरं सोडायला लावली होती. ते बंधन २०२० मध्ये उठलं. त्याआधीच, २०१९ मध्ये, डिस्नेने फॉक्सचा मोठा भाग गिळला आणि त्याच घासात स्टार इंडिया गेलं. २००८ मध्ये जन्मलेली स्टार प्रवाह आतापर्यंत तीन घरी नांदलीये. तिला कुणी विचारलं नाही, तुम्हालाही नाही.

सदाशिवपेठी
मालक कोणीही असो, मराठी तरी नीट बोला. 'माझी मदत कर' हे मराठी नाही. 'मला मदत कर.' आणि 'ती मला बोलली' म्हणजे तिने रागावून घेतलं, सांगितलं नव्हे. रोज रात्री साडेआठला माझा रक्तदाब वाढतो.

लेखणीमजूर
काका, ती वाक्यं आम्हीच लिहितो. प्रसंग हिंदीतून येतो आणि रात्री दोनला संवाद पाठवायचे असतात. वाहिनीचं नाव घेणार नाही, पोट आहे.

जे जाहीर आहे तेवढं सांगतो. 'आई कुठे काय करते' आधी बंगालीत 'श्रीमयी' होती. मग हिंदीत 'अनुपमा', तमिळमध्ये 'बाकियलक्ष्मी', शिवाय तेलुगू आणि मल्याळम. सगळ्या एकाच समूहाच्या वाहिन्यांवर. एकच बाई निदान सहा भाषांत नवऱ्याकडून फसली.

मी एकदा स्वतःची गोष्ट घेऊन गेलो होतो. एसटी स्टँडवर कँटीन चालवणारी विधवा, तिची दोन मुलं, डेपोचं राजकारण. ऐकून घेतलं, चहा दिला, आणि विचारलं, "छान आहे. पण असं दुसऱ्या भाषेत कुठे चाललेलं आहे का?" चाललेलं असतं तर मी कशाला लिहिलं असतं? वर कामाचे पैसे नव्वद दिवसांनी.

अरुंधतीची नणंद
'आई कुठे'च्या अरुंधतीवर घसरायचं काम नाही. पाच वर्षं एक भाग चुकवला नाही आम्ही. तिला पुन्हा गाताना बघून माझ्या आईने पंचावन्नाव्या वर्षी गाण्याचा क्लास लावला. तुमच्या कोणत्या स्वतंत्र, अस्सल, पुरस्कारवाल्या सिनेमाने हे केलं? आणि पुलंनी 'ती फुलराणी' कुठून आणली? शॉकडून. तेव्हा नाही कुणाचं पोट दुखलं.

लेखणीमजूर
पुलंना दर गुरुवारी फोन येत नव्हता, की आकडे पडलेत, सोमवारपर्यंत फुलराणीतल्या मंजुळेला रडवा.

अरुंधतीची नणंद
मग नका ना लिहू! नोकरी करायची आणि इथे येऊन खाल्ल्या घरचे वासे मोजायचे.

लेखणीमजूर
खाल्लंय कुठे अजून? सांगितलं ना, नव्वद दिवस.

सदाशिवपेठी
'मंजुळेला' की 'मंजुळाला'?

मिरजेचा केबलवाला
फेब्रुवारी २०२३ आठवतंय का कुणाला? नव्या दरांच्या भांडणात मोठ्या प्रसारकांनी केबल कंपन्यांचा सिग्नलच तोडला. कितीतरी घरांत मालिका बंद. शिव्या कुणाला? मला. एक आजी काठी घेऊन दारात, "माझी सिरियल तू बंद केलीस." त्यांना दूरसंचार नियामक ट्राय म्हणजे काय आणि दरपत्रक म्हणजे काय, सांगणार कसं? एक वाहिनी मागायला गेलं की पॅकमध्ये दहा गळ्यात मारतात. बाराशे जोडण्या होत्या माझ्या, आता चारशेसुद्धा नाहीत.

तांबडापांढरा
केबलवाल्यांनी मक्तेदारीवर बोलावं म्हणजे कमाल झाली! नव्वदच्या दशकात गल्लीत दुसऱ्याने लाइन टाकली की रात्रीत वायर कोण कापायचं?

मिरजेचा केबलवाला
तो आमच्या चुलत्याचा काळ.

तांबडापांढरा
बघा! मुद्दा तोच. पडदा किंवा वायर अडवणं हा काही कंपन्यांनी लावलेला शोध नाही. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना, तेव्हा बाळासाहेबांना मध्ये पडावं लागलं. तिथे कुठली बहुराष्ट्रीय कंपनी होती?

मधलीसुट्टी
नव्हती, मान्य. पण कोहिनूरचा मालक कोण, हे दादांना माहीत होतं. त्याच्या दारात जाऊन उभं राहता आलं. आज मराठी सिनेमाला सकाळी सव्वानऊचा खेळ देणारा माणूस कुठल्या शहरात बसतो, सांगा. मी सांगलीहून पुण्याला एक सिनेमा बघायला गेलो होतो, शुक्रवारी लागलेला, रविवारी नव्हता. खिडकीवरचा पोरगा म्हणाला, "सर, सिस्टिमने काढला."

तांबडापांढरा
बरं, सिस्टिमचं मान्य. तेवढंच. त्या सिनेमाला शनिवारी किती माणसं होती तेही विचारायचं होतंत.

मधलीसुट्टी
विचारलं होतं. सकाळी सव्वानऊला अकरा.

तांबडापांढरा
अकरा! आणि दोष कंपनीला.

एडिसनकर
सव्वानऊला अकरा म्हणजे चांगलीच आली की. आमच्याकडे अमेरिकेत मराठी सिनेमाचा एकच खेळ असतो, तोही मंडळाने हॉल घेतला तर.

अरुंधतीची नणंद
ते लेखक महाशय बरोबर आहेत का बघायला काल ती बंगाली मालिका शोधली. गोष्ट खरंच तीच निघाली, पण रडते आमचीच चांगली. सापडली कुठल्या अ‍ॅपवर ते मात्र विचारू नका, धागा परत पहिल्यापासून सुरू होईल.