ट्रान्झिस्टर फिरवला की कॉमेंट्री खरंच सुधारायची का?

वसतिगृहात ट्रान्झिस्टर फिरवून कॉमेंट्री स्पष्ट व्हायची, हे वर दोघांनी लिहिलंय. तिसऱ्यांना तो भास वाटतो. भास नव्हे, पण ते फक्त मीडियम वेव्हला, म्हणजे जवळपासच्या केंद्रांच्या लहरींना, लागू. तिथे आतली फेराइटची (चुंबकी पदार्थाची) कांडी हीच अँटेना; ती केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज भरतो, तिचं टोक केंद्राकडे गेलं की मरतो. १९७१च्या ओव्हल कसोटीसारखी, चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले ती, बीबीसीवर ऐकायची तर शॉर्ट वेव्ह, म्हणजे दूरदेशींहून पोचणाऱ्या लहरी, लागत. तिथे काम बाहेरच्या अँटेनाचं. गच्चीवर पाचसहा मीटर तांब्याची तार ताणून तिचं टोक अँटेनाला गुंडाळलं की फरक कळे.

आणखी एक: इंग्लंडातला खेळ आपल्याकडे दुपारी चारच्या सुमारास सुरू होऊन रात्री अकरापर्यंत चाले. दिवसा शॉर्ट वेव्हच्या १९ किंवा २५ मीटर पट्ट्यावर नीट लागणारं केंद्र अंधार पडल्यावर विरत जाई, कारण वातावरणाचे वरचे थर बदलतात. मग ३१ किंवा ४९ मीटरवर शोधायचं. ऐन रंगात आवाज गेला की लोक उगाच सेल बदलत. सेल खरेच उतरले असतील तर आवाज आधी फाटतो. उन्हात ठेवून ते थोडा वेळ चालत, पण तसेच आत विसरले तर गळून पत्र्या खात.