फायबर न पोहोचलेल्या वाडीत सिम-राउटरवर घरचे इंटरनेट भरवशाने चालेल का?

खालचीवाडी यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे घर संगमेश्वर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी, नदीकडे उतरत जाणाऱ्या एका वाडीत आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत फायबर आलेले आहे. परंतु तिथून आमच्या वाडीपर्यंत यायला दोन वहाळ ओलांडावे लागतात आणि मोजक्या घरांसाठी एवढी तार ओढणे परवडत नाही, असे केबलवाल्यांनी स्पष्ट सांगितले आहे. आई-वडील तिथेच राहतात. येत्या पावसाळ्यात पुण्याहून तिकडे जाऊन काही महिने घरूनच काम करावे, असा माझा विचार आहे. मला दिवसभर कार्यालयाच्या व्हीपीएनला (कार्यालयाच्या जाळ्याशी असलेल्या सुरक्षित जोडणीला) जोडलेले राहावे लागते आणि रोज दोन-तीन तास व्हिडिओ बैठका असतात. शिवाय वडिलांना संध्याकाळी टीव्हीवर बातम्या आणि कीर्तने पाहायची असतात, आणि बेड्याजवळ (आवाराच्या फाटकाजवळ) बसवलेला कॅमेरा मला पुण्यातूनही दिसायला हवा आहे.

घर जांभ्याचे आणि कौलारू असून मागच्या स्वयंपाकघरावर पत्रा आहे. माजघरात फोन लागतच नाही, पडवीत रेंजची एखादी कांडी येते, घरामागच्या चढावर गोठ्यापाशी बरी रेंज असते आणि सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) तर उत्तम असते. तिथून नदीपलीकडच्या डोंगरावरचा टॉवर दिसतो. गोठ्यापाशी सकाळी १२ ते १५ एमबीपीएस वेग मिळतो, रात्री आठनंतर मात्र तो दीड-दोनवर येतो. अशा ठिकाणी डोंगल घ्यावा, जुना फोन हॉटस्पॉट म्हणून कायमचा लावून ठेवावा, की सिम घालायचा राउटर आणि बाहेरचा अँटेना घ्यावा? तालुक्याच्या गावातील एका दुकानदाराने 'बूस्टर लावा, घरभर रेंज येईल' असे सुचवले आहे, त्याबद्दलही मत हवे आहे.

तरंगलांबी यांचे उत्तर

तुमच्या वर्णनात दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी ती वेगळी करावीत. माजघरात फोन न लागणे हे दुबळ्या सिग्नलचे लक्षण आहे. गोठ्यापाशी रेंज तीच असताना रात्री आठनंतर वेग पडणे हे टॉवरवरच्या गर्दीचे लक्षण आहे. अँटेना पहिल्यावर चालतो. दुसऱ्यावर तो तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा त्याच्या साहाय्याने आपल्याला कमी गर्दीचा बँड (लहरींचा ठरावीक पट्टा) किंवा दुसरा टॉवर पकडता येतो.

फोनवरच्या कांड्यांवर विसंबू नका, कारण किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. बहुतेक अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* हा क्रमांक डायल केला की एक पान उघडते आणि त्यात आरएसआरपी (सिग्नलची ताकद) हा आकडा डीबीएममध्ये दिसतो. काही फोनवर हे पान बंद केलेले असते. तिथे नेटवर्कची माहिती दाखवणारे एखादे मोफत ॲप घ्यावे. उणे ८० ते उणे ९० म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे कामचलाऊ आणि उणे ११५ च्या पलीकडे गेले की बैठक तुटणार हे धरून चालावे. मात्र त्याहूनही महत्त्वाचा आकडा एसआयएनआर हा आहे, कारण तो सिग्नल किती जोरदार आहे हे नव्हे, तर किती स्वच्छ आहे हे सांगतो. तो शून्याच्या आसपास असेल तर रेंज भरलेली दिसूनही वेग मिळत नाही आणि १५ च्या वर असेल तर उणे १०० वरही काम नीट चालते. हे आकडे पडवीत, गोठ्यापाशी आणि सड्यावर, सकाळी आणि रात्री, शक्य तितक्या कंपन्यांच्या सिमवर टिपून घ्या आणि सोबत बँड कोणता दिसतो तेही लिहा.

बँडचे महत्त्व डोंगराळ भागात विशेष आहे. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी (बँड ५ आणि ८) डोंगराच्या कडेवरून वळून उतारावरच्या घरापर्यंत बऱ्यापैकी पोहोचतात, पण त्यांची रुंदी कमी असल्यामुळे संध्याकाळी सगळे गाव त्याच अरुंद वाटेने जाऊ लागते. २३०० चा बँड ४० रुंद आहे, पण त्याला टॉवर जवळजवळ समोर दिसावा लागतो. फोन आपोआप जोरदार बँड धरतो आणि दूरच्या गावात तो बहुधा गर्दीचाच असतो. ज्या राउटरमध्ये बँड हाताने ठरवता येतो, त्याच्यावर तुम्ही त्याला मुद्दाम बँड ४० वर बांधून ठेवू शकता. यामुळेच डोंगल किंवा हॉटस्पॉटपेक्षा मी राउटरच्या बाजूने मत देईन. शिवाय दिवसरात्र चार्जिंगला लावून ठेवलेल्या जुन्या फोनची बॅटरी फुगते, ती कटकट वेगळीच. शक्यतो कॅटेगरी ६ किंवा त्यावरचा राउटर घ्या, कारण तो दोन बँड एकत्र वापरू शकतो. स्वस्तातले कॅटेगरी ४ चे राउटर एका वेळी एकच बँड वापरतात.

आता अँटेना. दुकानात दाखवतात ते डेसिबलचे आकडे केबलचा विचार न करता सांगितलेले असतात. आरजी-५८ जातीची पातळ काळी केबल १८०० मेगाहर्ट्झला दहा मीटरमागे साधारण ८ ते १० डेसिबल खाऊन टाकते, आणि दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते. म्हणजे दहा डेसिबलचा अँटेना खांबावर चढवून अशी केबल माजघरापर्यंत आणली, तर हाती जवळजवळ काहीच उरत नाही. जाड केबलने हे नुकसान बरेच कमी होते, पण ती महाग असते आणि लवकर वळत नाही. त्यापेक्षा राउटरच बाहेर, जिथे सिग्नल आहे तिथे ठेवावा आणि घरात इंटरनेटची तार आणावी. इथरनेटच्या केबलला १०० मीटरपर्यंत काहीही फरक पडत नाही आणि त्याच केबलमधून वीजही नेता येते. खांबावर लावायचे, पावसापाण्याला टिकणारे सिम-राउटर याच पद्धतीने चालतात.

जमाखर्च यांचे उत्तर

वरील उत्तर तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे, परंतु पहिल्या आठवड्यात खरी अडचण रिचार्जची येईल. फोनसाठीच्या नेहमीच्या प्लॅनमध्ये दिवसाला दीड किंवा दोन जीबी मिळतात. अनेक माणसांच्या व्हिडिओ बैठकीला तासाला साधारण पाऊण ते दीड जीबी लागतो, म्हणजे दुपारच्या जेवणापूर्वीच दिवसाचा कोटा संपतो आणि मग वेग ६४ केबीपीएसवर येतो, ज्यावर व्हीपीएन जोडलेलेही राहत नाही. उरलेला डेटा सहसा दुसऱ्या दिवशी जमा होत नाही, त्यामुळे रविवारी काही वापरले नाही म्हणून सोमवारी जास्त मिळेल असेही नाही. पाच-जी अमर्याद म्हणतात ते टॉवरवर पाच-जी असेल तेव्हाच. राउटर चार-जीवर गेला की कोटा मोजायला सुरुवात होते. शिवाय फोनच्या प्लॅनचे सिम राउटरमध्ये वापरण्याबद्दलच्या अटी त्या त्या कंपनीच्या असतात, त्या आधी वाचाव्यात.

म्हणून दिवसाची मर्यादा नसलेले, एकरकमी डेटा देणारे पॅक पाहावेत, किंवा टॉवरवर पाच-जी आले असेल तर एअर-फायबरची चौकशी करावी. नावात फायबर असले तरी घरापर्यंत काही तार येत नाही. छपरावरचा डबा टॉवरकडूनच सिग्नल घेतो. जिओने ही सेवा १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीला, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू केली. त्या वेळी सर्वात स्वस्त प्लॅन ३० एमबीपीएसचा, महिना ५९९ रुपये अधिक कर असा होता, आणि त्यात महिन्याला १,००० जीबी मिळत होते. फोनच्या कोट्याच्या तुलनेत हा हिशोब पूर्णपणे वेगळा आहे. तुमच्या पिनकोडला ती मिळते का ते पाहा. मात्र पिनकोड मोठ्या गावाचा आणि घर वाडीत, असे असले की संकेतस्थळावर 'उपलब्ध' दिसते आणि बसवायला आलेला माणूस मान हलवून परत जातो.

कॅमेऱ्याबाबत एक गोष्ट लक्षात घ्या. मोबाइल जाळ्यावर अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता दिलेला असतो, त्यामुळे बाहेरून थेट घरातल्या रेकॉर्डरला जोडणे शक्य होत नाही. कॅमेरा स्वतःहून कंपनीच्या क्लाउडला जोडणारा घेतलात तर पुण्यातून तो दिसेल. जुना डीव्हीआर (घरातला रेकॉर्डर) आणि पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून थेट त्याला जोडण्याची, पद्धत इथे चालणार नाही. कार्यालयाचे व्हीपीएन आतून बाहेर जोडले जात असल्यामुळे त्याला सहसा ही अडचण येत नाही.

माडावरचा यांचे उत्तर

बूस्टरच्या भानगडीत पडू नका. परवानगीशिवाय मोबाइल सिग्नलचा रिपीटर किंवा बूस्टर बसवणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो १८८५ च्या तार कायद्याखाली आणि १९३३ च्या बिनतारी संदेशवहन कायद्याखाली येत असे, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. हे नुसते कागदावरचे नाही: असा डबा परवानाधारक लहरींवर गोंगाट पसरवतो, टॉवरला दूरचे फोन ऐकू येईनासे होतात आणि एका घराच्या सोयीपायी सगळ्या वाडीचे फोन अडखळतात. राउटरला जोडलेला साधा अँटेना यात मोडत नाही, कारण तो स्वतः काही वाढवून प्रक्षेपित करत नाही.

दुसरे, बीएसएनएलला आधीच यादीतून काढू नका. ज्या गावांत चार-जी नव्हते अशा २४,६८० गावांसाठीची योजना केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली आणि तिचे काम बीएसएनएलकडे दिले. देशी बनावटीचे त्यांचे चार-जी सप्टेंबर २०२५ मध्ये रीतसर सुरू झाले. त्यात ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ वापरला जातो आणि झाडीतून, दरीतून पोहोचायला तो सर्वात बरा. नवीन टॉवरवर माणसे कमी, म्हणून संध्याकाळीही वेग टिकण्याची शक्यता जास्त. मात्र बाहेरून येणाऱ्या बऱ्याच स्वस्त राउटरमध्ये बँड २८ नसतो. खोक्यावरची बँडची यादी वाचूनच पैसे द्या.

उद्या फायबर आले तरी सिमचा राउटर मोडीत काढू नये, असेही सुचवेन. आमच्याकडे फायबर विजेच्या खांबांवरूनच लोंबत येते. जूनमध्ये एखादी फांदी पडली की तार तुटते आणि जोडणारा माणूस चार वाड्या फिरून आपल्याकडे पोहोचतो.

खालचीवाडी

सर्वांचे मनापासून आभार. शेजारच्या गावातील मित्राचा सिम-राउटर आणून सर्व आकडे टिपले. पडवीत उणे ११३ आहे. गोठ्यापाशी बँड ५ वर उणे ९४ मिळते, पण रात्री एसआयएनआर २-३ च्या पुढे जात नाही. त्याच ठिकाणी, त्याच सिमवर, बँड ४० ला बांधून ठेवले तर सिग्नल उणे १०२ इतका दुबळा दिसतो, पण एसआयएनआर १४ राहतो आणि रात्री नऊ वाजताही १६ ते १८ एमबीपीएस वेग मिळतो. त्यामुळे गोठ्याच्या आढ्याला पाइप बांधून बाहेरचा राउटर लावायचे ठरवले आहे. गोठ्यापासून घर साधारण ४० मीटरवर आहे. केबल प्लास्टिकच्या पाइपमधून जमिनीखालून आणावी की माडावरून टांगावी? आणि विजा चमकतात तेव्हा काय करावे?

तरंगलांबी

बँड ४० चे आकडे पाहून समाधान वाटले. कांड्या पाहून निर्णय घेतला असता तर तुम्ही नेमका गर्दीचा बँड निवडला असता.

केबल जमिनीखालूनच आणा. माड वाऱ्यात हलतो आणि त्याची झावळी नेमकी तारेवर पडते. मात्र वीज जवळपास कोसळली तर जमिनीखालच्या तांब्याच्या तारेतही झटका शिरतो आणि राउटरबरोबर घरातला टीव्ही व लॅपटॉपही घेऊन जातो. त्यासाठी गोठा आणि घर यांच्यामध्ये तांब्याऐवजी फायबरची तार टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (इथरनेटचा सिग्नल फायबरसाठी आणि परत बदलणारी डबी) बसवा. काचेतून वीज वाहत नाही. फक्त तार धातूचे आवरण किंवा धातूची ओढतार नसलेली घ्या. वाडीपर्यंत फायबर आले नाही तरी गोठ्यापासून पडवीपर्यंत तुम्ही स्वतः ते आणू शकता. गोठ्यातील विजेची जोडणीही अर्थिंगसह वायरमनकडून तपासून घ्या, कारण ती बहुधा एका दिव्यापुरतीच केलेली असते. कोकणात विजांचा जोर भर पावसाळ्यापेक्षा मे-जूनमधल्या वळवात आणि परतीच्या पावसात अधिक असतो. त्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की गोठ्यातला प्लग काढायला आई-वडिलांना सांगून ठेवा.

जमाखर्च

वीज गेल्यावरचा विचारही आताच करा. राउटर, कन्व्हर्टर वगैरे सहसा १२ व्होल्ट किंवा त्याखालीच चालतात, त्यामुळे मोठ्या इन्व्हर्टरची गरज नाही. राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस गोठ्यात एक आणि घरात एक पुरतो. बाहेरचा राउटर केबलमधून वीज घेणारा असेल तर त्याला किती व्होल्ट लागतात ते मात्र तपासा, अनेकांना २४ किंवा ४८ लागतात. टॉवरची स्वतःची बॅटरी काही तासांनी संपते आणि तिथे डिझेल पोहोचले नाही तर तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही. निसर्ग चक्रीवादळानंतर, जून २०२०मध्ये, दापोली-मंडणगडकडच्या अनेक गावांत वीज कित्येक दिवस नव्हती आणि फोनही बंद होते. म्हणून महत्त्वाच्या बैठकीच्या दिवसांसाठी दुसऱ्या कंपनीचे, दुसऱ्या टॉवरवर चालणारे सिम फोनमध्ये ठेवा.

आणि राउटरसाठी सिम नवीनच घ्या. त्यावर येणारे संदेश फोनवर दिसत नाहीत, राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन वाचावे लागतात. वडिलांचे बँकेला आणि आधारला जोडलेले सिम गोठ्यावर चढले, तर पेन्शनच्या कामासाठी ओटीपी येईल तेव्हा ते तुम्हाला पुण्यात फोन करतील, आणि तोही शेजाऱ्यांच्या फोनवरून.