दगडखाणीने घडवलेला कडा भूपर्यटनासाठी दाखवावा का?

कातळवेडा
अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलला आपण निसर्गाची करामत म्हणतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि बेसॉल्टचे स्तंभ तयार झाले, इथपर्यंत ते खरेच आहे. परंतु चहूबाजूंनी ताशीव दिसणारा, सुमारे ६१ मीटर उंचीचा आजचा सुळका घडण्यात भोवतीच्या दगडखाणींचा मोठा हात आहे. इमारतींनी आणि भरावाने झाकलेल्या मुंबईत कातळाचे अंतरंग पाहायला अशा कापलेल्या भिंतींइतकी सोयीची जागा नाही. रोममध्ये तेलाच्या फुटक्या रांजणांची सुमारे ३५ मीटर उंच टेकडी, मोंते तेस्ताच्चो, प्राचीन व्यापाराचा पुरावा म्हणून जपली जाते. मग आपणच खाणीचा उल्लेख का टाळावा?

अंधेरीकर
तुलना मला पटत नाही. रोममध्ये माणसाने टाकाऊ वस्तूंतून टेकडी उभारली. येथे असलेली टेकडी फोडून खडी केली. वाडा पाडल्यावर उरलेल्या एका खांबाचे कौतुक करताना पाडणाऱ्यालाच शिल्पकार म्हणावे, तसे हे झाले. शिवाय पायथ्याशी दाट वस्ती आहे. वरून दगड सुटण्याची धास्ती असलेल्या रहिवाशांच्या दारात पर्यटक आणून उभे करणार का?

मुळामुठाकाठी
पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत सापडलेले कॅव्हन्साइट या खनिजाचे निळे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. खाण नसती तर ते कातळातच राहिले असते, एवढे मान्य करावे लागते. मात्र माझ्या ओळखीच्या पुणेकरांपैकी फार थोड्यांनी ते पाहिले आहेत. खाणीमुळे ज्ञान आपोआप वाढते, हा कातळवेडा यांचा गृहीत धरलेला मुद्दा तिथेच लंगडा पडतो.

कातळवेडा
लंगडा पडतो, म्हणूनच टेकडीपाशी माहितीफलक हवा. गिल्बर्ट हिलच्या माथ्यावरील गावदेवीच्या दर्शनाला पायऱ्या चढणाऱ्यांना आपण कशावर चालतो आहोत, हे कुठेतरी वाचायला मिळाले पाहिजे. शिल्पकार हा शब्द मी वापरलेला नाही. किती दगड गेला हेही त्या फलकावर लिहावे.

अंधेरीकर
तसे लिहिणार असाल, तर फलकाला माझा विरोध नाही. पर्यटनाला आहे, आणि कड्याखालची घरे सुरक्षित होईपर्यंत राहील.